निळा दिवा बंद झाल्यावर दाढेतल्या कंपोझिटमध्ये पुढचा दिवसभर काय घडत असते?

मृण्मयी :

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न जितका रुग्ण म्हणून पडला आहे तितकाच विषयाच्या ओढीनेही पडला आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्या दोन दाढांमध्ये दाताच्या रंगाचे कंपोझिट फिलिंग भरले गेले. दवाखाने वेगळे होते, पण पद्धत मला सारखीच दिसली : कीड काढून झाल्यावर आम्लाचे जेल, ते धुऊन बॉण्डिंगचा पातळ थर, मग थोडा थोडा मऊ लगदा भरत जाणे आणि प्रत्येक थरावर काही सेकंद निळा दिवा धरणे.

नंतरच्या सूचना मात्र एकमेकींशी जुळत नव्हत्या. पहिल्या डॉक्टरांनी सांगितले की बधिरपणा उतरला की त्या बाजूने खुशाल जेवा, फिलिंग दिव्याखालीच पक्के झालेले आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बाजूने कडक काही चावू नका आणि दोन दिवस हळदीचा रस्सा व चहा शक्यतो टाळा असे बजावले. हे दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणा एकाला चूक ठरवण्यापूर्वी मला त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे.

माझी मुख्य शंका अशी आहे. अभिक्रिया उजेडाने सुरू होत असेल, तर उजेड गेल्यावर ती थांबायला हवी. ती थांबत असेल तर पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर ठरते आणि थांबण्याची काहीच गरज उरत नाही. ती थांबत नसेल तर ती किती वेळ चालते, आणि त्या वेळात फिलिंगची ताकद, आकार व रंग यांत नेमका काय फरक पडतो? दोन बारीक निरीक्षणेही नोंदवते. दुसरे फिलिंग पहिल्या संध्याकाळी आरशात शेजारच्या दातापेक्षा स्पष्टपणे गडद दिसत होते आणि दुसऱ्या दिवशी ते इतके मिसळून गेले की शोधावे लागले. तसेच त्या दाढेने काही चावताना सुरुवातीचे काही दिवस बारीक कळ येत होती. या दोन्ही गोष्टींचा त्या अभिक्रियेशी संबंध असावा का?

दंतवैद्य_सातारा :

मृण्मयीताई, आपण कारण विचारले हे फार चांगले केले, कारण ही सूचना देणाऱ्या आम्हा दंतवैद्यांपैकी अनेकांनी ती वडीलधाऱ्या डॉक्टरांकडून जशी ऐकली तशीच पुढे चालवली आहे.

दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बाजूने चावू नका, ही मुळात चांदीच्या फिलिंगची सूचना आहे. आपण ज्याला चांदी म्हणतो ते अमाल्गम म्हणजे चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रधातूची पूड पाऱ्यात कालवून भरलेला लगदा असतो. पहिल्या तासात तो हाताला घट्ट लागला तरी त्याची ताकद अंतिम ताकदीपेक्षा बरीच कमी असते आणि जवळजवळ पूर्ण ताकद यायला २४ तास जातात. तेवढ्यात रुग्णाने सुपारी फोडली तर फिलिंगची कड तुटून येत असे, म्हणून ही सूचना कडकपणे पाळली जाई. ग्लास आयोनोमर या सिमेंटचेही पहिले काही तास नाजूक असतात, कारण त्या काळात त्याला लाळेचे पाणीही बाधते आणि कोरडे पडणेही बाधते, म्हणूनच त्यावर वॉर्निशचा थर लावला जातो. रुग्ण या साऱ्यांना सरसकट सिमेंटच म्हणतात, त्यामुळे एकाची पथ्ये दुसऱ्याला चिकटली यात नवल नाही.

कंपोझिटचे तसे नाही. दिवा बंद होतो त्या क्षणी ते इतके घट्ट झालेले असते की आम्ही लगेच त्यावर बर, म्हणजे घासण्याचे फिरते टोक, फिरवून आकार देतो, उंच राहिलेल्या जागी खूण उमटवणारा निळा कागद धरून रुग्णाला दात आपटायला लावतो आणि पॉलिशही करतो. साधे जेवण पेलण्याइतकी ताकद त्यात तेव्हाच असते. पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे या अर्थाने योग्य आहे. परंतु पक्के झालेले आहे याचा अर्थ आता त्यात काही बदलणार नाही, असा घेतला तर मात्र ते बरोबर नाही. पुढचे काही तास त्याचा कठीणपणा वाढत राहतो. म्हणून मोठे फिलिंग असेल, दाढेचा एखादा उंचवटाच कंपोझिटने उभा केला असेल किंवा कडेला पातळ भाग असेल, तर मी स्वतः रुग्णाला त्या रात्री चिक्की, भाजलेले दाणे आणि मटणाचे हाड त्या बाजूला घेऊ नका असे सांगतो. वरणभात, पोळीभाजी यांना मनाई करण्याचे कारण मला दिसत नाही. इंजेक्शनचा बधिरपणा उतरेपर्यंतचे दोनतीन तास मात्र सर्वांनीच थांबावे, कारण तेव्हा गाल आणि जीभ चावली जाते व रुग्णाला ते कळतही नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर पालकांनी याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे.

आता रंगाविषयी. तो फरक बहुतांशी फिलिंगचा नसून आपल्या स्वतःच्या दाताचा होता. काम चालू असताना दात रबर डॅमने (दाताभोवती ताणलेल्या रबराच्या पडद्याने) वा कापसाने वेगळा ठेवलेला असतो आणि हवेने सतत कोरडा केला जातो. दाताच्या वरच्या कठीण आवरणातले, म्हणजे इनॅमलमधले पाणी कमी झाले की तो अधिक अपारदर्शक आणि पांढरा दिसतो, आणि त्याच्या शेजारी योग्य रंगाचे कंपोझिटही गडद भासते. लाळेने दात पुन्हा ओला व्हायला काही तास, कधी एक दिवसही लागतो आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणजे आपल्या डॉक्टरांनी शेड दात कोरडा करण्यापूर्वीच निवडली होती. घाईत ती कोरड्या दातावरून निवडली असती तर पहिल्या संध्याकाळी रंग छान जुळलेला दिसला असता आणि दुसऱ्या दिवशी फिलिंग पांढरे उठून दिसले असते. त्यामुळे रंग जुळला नाही अशी तक्रार निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून करावी, अशी माझी सर्व रुग्णांना विनंती असते.

चावतानाच्या कळेचा संबंध आकुंचनाशी आहे. त्यावर रसायनाच्या जाणकारांनी आधी लिहावे, मी त्यानंतर लिहितो.

बहुवारिक_पुणे :

मी बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, रसायनात काम करतो. मृण्मयी यांची मूळ शंका, म्हणजे उजेड गेल्यावर अभिक्रिया का थांबत नाही, हा या साहित्याचा गाभाच आहे.

आज वापरात असलेल्या बहुतेक कंपोझिटांचा पाया रे बोवेन यांनी घातला. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील दंतसंशोधन विभागात काम करताना त्यांनी बिस-जीएमए हा मोठा, दोन टोकांना मेथाक्रिलेट गट असलेला रेणू वापरला आणि १९६२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. हा रेणू मधापेक्षाही दाट असतो, म्हणून त्यात टेगडीएमएसारखा लहान, पातळ रेणू मिसळतात. या राळेत बेरियमयुक्त काच, सिलिका, झिर्कोनिया यांचे सूक्ष्म कण भरलेले असतात आणि कणांवर सिलेनचा थर देऊन ते राळेशी रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. सुरुवातीची कंपोझिटे दोन लगदे एकत्र कालवून घट्ट होत. निळ्या दिव्याचा वापर नंतर आला.

दिव्याचे काम फक्त ठिणगी देण्याचे आहे. राळेत अत्यल्प प्रमाणात कॅम्फरक्विनोन असते. हे आपल्या नेहमीच्या कापरापासूनच बनवता येणारे पिवळे संयुग आहे. सुमारे ४६८ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ते सर्वाधिक शोषते आणि सोबतच्या अमाइनच्या मदतीने मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील रेणू, तयार करते. हा मूलक एका मेथाक्रिलेटचा दुहेरी बंध उघडतो, स्वतः त्याला जोडला जातो आणि साखळीच्या नव्या टोकावर पुन्हा एक मूलक उभा राहतो. तो पुढचा दुहेरी बंध उघडतो. या वाढीला प्रकाशाची गरज नसते. प्रकाश गेला की नवीन मूलक जन्मणे थांबते, पण आधीचे जिवंत मूलक पुढे वाढतच राहतात.

आता त्यांना संपवायचे कोणी? द्रवात दोन मूलक सहज एकमेकांना गाठतात आणि दोन्ही विझतात. परंतु येथे प्रत्येक रेणूला दोन टोके असल्याने क्षणार्धात आडव्याउभ्या साखळ्यांचे जाळे विणले जाते. लांब साखळ्यांची टोके जाळ्यात अडकतात, ती एकमेकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत, म्हणून मूलक विझण्याचा वेग एकदम घटतो. लहान एकवारिक, म्हणजे अजून साखळीत न जोडलेले, रेणू मात्र अजून थोडेफार सरकू शकतात, म्हणून वाढ चालू राहते आणि काही काळ तर तिचा वेग उलट वाढतो. पुढे जाळे इतके आवळते की लहान रेणूही हलेनासे होतात आणि सारा पदार्थ काचेसारखा गोठतो. या क्षणी अभिक्रिया जवळजवळ थांबते. जवळजवळ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण ती पूर्ण थांबलेली नसते आणि कच्चा मालही संपलेला नसतो. नेहमीच्या कंपोझिटमध्ये साधारण ५० ते ७० टक्केच दुहेरी बंध वापरले जातात. याचा अर्थ उरलेले सगळे रेणू मोकळे आहेत असा मुळीच नाही. त्यांतल्या बहुतेकांचे एक टोक जाळ्याला पक्के जोडले गेलेले असते आणि दुसरे तसेच लोंबकळत राहिलेले असते. पूर्णपणे मोकळ्या रेणूंचे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी असते.

अडकलेले मूलक आणि उरलेले बंध एकमेकांच्या जवळ असतील तर पुढच्या मिनिटांत आणि तासांत त्यांची अभिक्रिया संथपणे चालते. यालाच अंधारातली अभिक्रिया म्हणतात. तिचा मोठा वाटा पहिल्या काही मिनिटांत आणि तासांत उरकतो, नंतर वेग सतत मंदावतो आणि साधारण एका दिवसानंतर मोजण्याजोगी वाढ फारशी उरत नाही. वापरलेल्या बंधांत पडणारी ही भर थोड्याच टक्क्यांची असते, पण ती जाळ्याला आडवे टाके घालणारी असल्याने कठीणपणा आणि लवचिकतेचा गुणांक (ताठपणाचे माप) यांत त्या मानाने अधिक फरक दिसतो. मूलक स्वतः मात्र त्यानंतरही अडकून राहतात आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने ते अनेक आठवड्यांनंतरही ओळखता येतात.

यात तापमानाला फार महत्त्व आहे. गोठलेल्या जाळ्यात हालचाल होण्यासाठी थोडी ऊब लागते, म्हणून ३७ अंशांवर ठेवलेला नमुना थंड खोलीतल्या नमुन्यापेक्षा अधिक पुढे जातो. प्रयोगशाळेत दाताबाहेर बनवलेल्या कंपोझिटच्या इनलेला, म्हणजे नंतर दातात चिकटवायच्या तयार तुकड्याला, म्हणूनच नंतर १०० अंशांहून अधिक उष्णता देता येते आणि त्याने उरलेल्या बंधांपैकी आणखी काही वापरले जातात. तोंडात हा उपाय अर्थातच करता येत नाही.

एक गोष्ट ग्राहक म्हणून ध्यानात ठेवण्यासारखी वाटते. आयएसओ ४०४९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चावण्याच्या पृष्ठभागावर वापरायच्या कंपोझिटची वाकवण्यातली ताकद किमान ८० मेगापास्कल असावी लागते, आणि ही चाचणी २५ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवल्यानंतर केली जाते. म्हणजे माहितीपत्रकात छापलेली ताकद ही दुसऱ्या दिवशीच्या कंपोझिटची असते. खुर्चीवरून उठताना आपल्या दाढेत असते ते त्याहून थोडे कोवळे असते. ती कमतरता साध्या घासाला पुरून उरते, पण आहे हे मान्य केले पाहिजे.

राहिले आकुंचन. दोन रेणू नुसते शेजारी असताना त्यांच्यातले अंतर ०.३ ते ०.४ नॅनोमीटर असते, बंध जुळल्यावर ते सुमारे ०.१५ नॅनोमीटर होते. असे असंख्य बंध जुळले की एकूण आकारमान घटते. नेहमीच्या कंपोझिटमध्ये ही घट साधारण २ ते ३ टक्के असते, वाहत्या पातळ प्रकारात राळ जास्त असल्याने अधिक. लगदा मऊ असेपर्यंत तो मोकळ्या पृष्ठभागाकडून आत ओढला जातो आणि ताण साठत नाही. जाळे बांधले गेल्यानंतर मात्र आकुंचनाचा प्रत्येक अंश ताण होऊन दाताच्या भिंतींवर आणि बॉण्डवर येतो. ॲम्स्टरडॅमच्या फाइल्झर, डे ग्ये आणि डेव्हिडसन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की चिकटलेल्या पृष्ठभागांचे मोकळ्या पृष्ठभागांशी गुणोत्तर जितके जास्त, तितका हा ताण जास्त. दाढेच्या माथ्यावरच्या पेटीसारख्या खड्ड्यात पाच बाजू चिकटलेल्या आणि एकच मोकळी असते, म्हणजे परिस्थिती जवळपास सर्वांत वाईट असते. अंधारातली अभिक्रिया हा ताण आणखी थोडा वाढवते, तोही पदार्थ ताठ झाल्यानंतर, म्हणजे सैल होण्याची सोय उरलेली नसताना.

एमडीएस_विद्यार्थिनी :

वरच्या प्रतिसादात एका घटकाचा उल्लेख राहिला, तो म्हणजे पाणी. प्रयोगशाळेतल्या कोरड्या नमुन्यात आणि तोंडातल्या फिलिंगमध्ये पहिल्या दिवसापासून हाच मोठा फरक असतो.

लाळेतले पाणी राळेत हळूहळू झिरपते आणि साखळ्यांच्या मधल्या फटींत शिरते. त्याने फिलिंग किंचित फुगते आणि आकुंचनाची काही भरपाई होते. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले आढळते की या फुगण्याने कडेची फट बुजते, त्यामुळे आकुंचनाची फार चिंता करू नये. मला हे म्हणणे धोक्याचे वाटते. आकुंचन सेकंदांत आणि मिनिटांत घडते, तर पाण्याने पूर्ण भिजायला कित्येक दिवस ते आठवडे लागतात. ज्या ठिकाणी बॉण्ड पहिल्याच तासात सुटला, तेथे महिन्याभराने फिलिंग फुगून भिंतीला टेकले तरी ते पुन्हा चिकटत नाही. पाण्याचा दुसरा परिणाम तर उलटच असतो. ते साखळ्यांना सैल करते आणि राळ थोडी मऊ पडते. म्हणजे पहिल्या दिवशी अंधारातली अभिक्रिया कठीणपणा वाढवत असते आणि पाणी तो कमी करू पाहत असते. पहिले काही तास बहुधा अभिक्रियेचा वरचष्मा असतो. पुढे पाण्याचा वाटा वाढत जातो, आणि म्हणूनच मानकात पाणी शोषण्याची मर्यादा दर घन मिलिमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि विरघळण्याची मर्यादा ७.५ मायक्रोग्रॅम अशी घालून दिलेली आहे.

पाणी आत येते तसे मोकळे रेणू बाहेरही जातात. टेगडीएमएसारखे लहान रेणू आधी निघतात आणि त्यांतला मोठा भाग पहिल्या एकदोन दिवसांतच निघून जातो. प्रमाण फार थोडे असते, तरीही ते आणखी कमी करणे दंतवैद्याच्या हातात आहे. हवेतला ऑक्सिजन मूलकांना पकडून निष्क्रिय करतो, त्यामुळे दिव्यानंतरही कंपोझिटच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर काही मायक्रोमीटरांचा चिकट, कच्चा थर उरतो. थरावर थर भरताना तो उपयोगी पडतो, पण शेवटच्या थरावर तो राहू देणे अयोग्य आहे. ग्लिसरिनचे जेल लावून हवा तोडावी आणि पुन्हा दिवा धरावा, किंवा फिनिशिंग करताना तो थर पूर्ण घासून काढावा आणि रुग्णाला चूळ भरायला लावावी. भरले, दिवा धरला आणि सोडून दिले, असे केलेल्या फिलिंगला पहिल्या आठवड्यातच रंग धरतो तो याच थरामुळे.

येथे हळदीची सूचना तपासू. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, पण तेलात आणि राळेसारख्या पदार्थात चांगले मुरते. आपला तेलाची तर्री असलेला रस्सा म्हणजे त्याला राळेपर्यंत नेणारे उत्तम वाहनच. पहिल्या दिवशी राळ अजून कोवळी असते, तिच्यात पाण्याची देवाणघेवाण जोरात चालू असते, म्हणून पुढच्या दातांच्या फिलिंगनंतर दोन दिवस हळद, चहा, कॉफी आणि तंबाखू टाळायला सांगणे मला पटते. मागच्या दाढेसाठी मी तेवढा आग्रह धरणार नाही. मात्र नीट पॉलिश न केलेले फिलिंग दोन दिवसांच्या पथ्याने वाचत नाही. ते नंतर डागाळतेच. पथ्यापेक्षा पॉलिश महत्त्वाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिश लगेच करावे की दुसऱ्या दिवशी, यावर आमच्या विभागात नेहमी चर्चा होते. लगेच बर फिरवला तर ताणाखाली असलेल्या ताज्या कडेला धक्का बसून पांढरी बारीक रेघ उमटू शकते, असा एक मुद्दा आहे. पण प्रत्येक रुग्णाला केवळ पॉलिशसाठी दुसऱ्यांदा बोलावणे व्यवहार्य नसते आणि न आलेल्या रुग्णाच्या तोंडात खडबडीत फिलिंग राहते. दिवा बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे, भरपूर पाणी आणि हलका हात ठेवावा, बारीक दाण्याचा बर वापरावा, आणि पुढच्या दातांचे नाजूक काम असेल तरच दुसरी भेट ठेवावी, हा मला योग्य मार्ग वाटतो.

मृण्मयी :

तिघांचेही मनापासून आभार. साखळ्यांची टोके अडकल्यामुळे मूलक विझत नाहीत, हा मुद्दा मी बारावीच्या वर्गात नक्की सांगणार आहे. यातून एक पुढची शंका निघते. अंधारात अभिक्रिया चालूच राहणार असेल, तर दिवा कमी वेळ धरला गेला किंवा दिवाच कमकुवत असला तरी दिवसभरात ती उणीव भरून निघते का? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्याच फिलिंगवर दिवा धरून घेतला तर उपयोग होतो का?

बहुवारिक_पुणे :

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. अंधारातली अभिक्रिया उजेडात जन्मलेल्या मूलकांच्या जिवावर चालते. ज्या थरात प्रकाश पोहोचलाच नाही तेथे मूलक नाहीत, आणि मूलक नाहीत तेथे अंधारात चालायलाही काही नाही. अर्धवट उजेड मिळालेल्या थरात जाळे सैल असल्याने नंतरची वाढ प्रमाणाने अधिक दिसू शकते, तरी तो थर पुरेसा उजेड मिळालेल्या थराच्या बरोबरीला येत नाही. दुसऱ्या दिवशी दिवा धरल्याने गोठलेल्या जाळ्यात फार थोडी भर पडते, आणि कच्चा राहिलेला भाग बहुधा तळाशी असतो जेथे तो दिवा पहिल्या दिवशीही पोहोचला नव्हता.

दंतवैद्य_सातारा :

मी याला दवाखान्यातली बाजू जोडतो, कारण माझ्या मते पहिल्या दिवसाच्या पथ्यापेक्षा दिवा धरलेल्या वीस सेकंदांत काय घडते यावर फिलिंगचे आयुष्य जास्त अवलंबून असते.

प्रकाश कंपोझिटमध्ये शिरताना कणांवर विखुरतो आणि झपाट्याने क्षीण होतो, म्हणून नेहमीचे कंपोझिट २ मिलिमीटरांपेक्षा जाड थरात भरू नये असे सांगितले जाते. एकाच वेळी जाड थरात भरायचे बल्क-फिल प्रकार ४ मिलिमीटरांपर्यंत चालतात, कारण ते अधिक पारभासक असतात आणि काहींत वेगळा, अधिक कार्यक्षम प्रकाशसंवेदक घातलेला असतो. दर चौरस सेंटिमीटरला १००० मिलिवॅट देणारा दिवा २० सेकंद धरला तर २० ज्यूल ऊर्जा मिळते आणि २ मिलिमीटरच्या बहुतेक थरांना ती पुरते. मात्र हा हिशोब दिव्याचे टोक फिलिंगला जवळजवळ टेकलेले आणि सरळ असताना लागू पडतो. शेवटच्या दाढेपर्यंत दिवा नेताना तोंड पुरेसे उघडत नाही, टोक तिरके होते, खोल खड्ड्याच्या तळापासून ते कित्येक मिलिमीटर दूर राहते आणि पोहोचणारी ऊर्जा बरीच कमी होते. टोकावर वाळून चिकटलेल्या जुन्या कंपोझिटनेही प्रकाश अडतो, म्हणून आमच्याकडे टोक रोज तपासून पुसले जाते आणि दिव्याची तीव्रता वेळोवेळी रेडिओमीटरवर मोजली जाते. दोन दातांच्या मधल्या भागात तळाचा कोपरा सर्वांत लांब असतो, आणि पुढे नवी कीड लागते तीही बहुतेकदा तेथेच. म्हणून मॅट्रिक्स बँड, म्हणजे भरताना दाताभोवती लावलेली पट्टी, काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूने पुन्हा दिवा धरण्याची सवय ठेवावी.

उणीव भरण्यासाठी दिवा सलग खूप वेळ धरणे हाही मार्ग नाही. दिव्याची उष्णता आणि अभिक्रियेतून निघणारी उष्णता मिळून नस तापते. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगांपासून नसेच्या तापमानात ५.५ अंशांची वाढ ही धोक्याची खूण मानली जाते. खोल खड्ड्यात दोन वेळा दिवा धरायचा असेल तर मध्ये काही सेकंद थांबावे आणि हवेचा हलका झोत सोडावा.

आता चावतानाची कळ. तिची दोन कारणे नेहमी आढळतात. पहिले अगदी साधे : फिलिंग केसभर उंच राहिलेले असते. दात बधिर असताना रुग्णाला नीट मिटून दाखवता येत नाही, त्यामुळे निळ्या कागदावरची खूण फसवी निघते. अशा वेळी बधिरपणा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन तो उंचवटा घासून घेतला की बहुतेकदा लगेच आराम पडतो. दुसरे कारण वर सांगितलेला आकुंचनाचा ताण. तळाशी बॉण्ड कोठे सुटला असेल तर त्या फटीत द्रव भरतो, आणि चावण्याच्या दाबाने तो द्रव इनॅमलखालच्या डेंटिनच्या सूक्ष्म नलिकांत मागेपुढे सरकतो. ती हालचाल नसेला कळ म्हणून जाणवते. आपली कळ सुरुवातीचे काही दिवसच येत होती असे आपण लिहिले आहे, त्यामुळे काळजीचे कारण दिसत नाही. ती दोन आठवड्यांनंतरही तशीच राहिली असती, तर फिलिंग काढून, थर लहान ठेवून, गरज पडल्यास तळाशी ग्लास आयोनोमर घालून ते पुन्हा भरावे लागले असते. आणि चावले नसतानाही दुखणे आपोआप उठत असेल, गरम चहाने सुरू होऊन बराच वेळ टिकत असेल किंवा रात्री झोपमोड करत असेल, तर तो कंपोझिटचा प्रश्न राहत नाही. तेव्हा एक्स-रे काढून नसेची तपासणी लगेच करून घ्यावी.